घरगुती लोणचं आणि चटणी विकायची आहे. साधं कागदी लेबल चालेल का, आणि त्यावर काय काय छापावं लागतं?

तुम्ही कैरीचं लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी, दोन्ही विकताय. चटणीच्या पाकिटाला कागदी लेबल चालेल, लोणच्याच्या बरणीला अजिबात नको. मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये लेबल छपाईच्या कामात बारा वर्षं आहे, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

कागदी लेबल ज्याचं असतं तो चकचकीत क्रोमो कागद तेल पितो. आधी कडेला पिवळट रेघ येते, मग कोपरा सुटतो आणि आठवड्यात अक्षरांच्या आरपार काच दिसायला लागते. लोणच्याला प्लास्टिक फिल्मचंच लेबल घ्या, गोल कोपऱ्यांचं. टोकदार कोपरे आधी उचलतात. आणि लेबल रिकाम्या, कोरड्या बरणीवर लावा, मधून बाहेर अंगठ्याने दाबत. भरल्यावर बाहेर ओघळलेलं तेल कितीही पुसलं तरी गोंद धरत नाही.

आता तारीख. मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. गेल्या पावसाळ्यात एक ताई बरणी घेऊन आल्या. लेबल छान, रंग शाबूत, पण तारखेच्या जागी नुसता पांढरा चौकोन. त्यांनी तारीख बिलाच्या पावतीसारख्या थर्मल स्टिकरवर काढली होती, आणि तेलाच्या बोटांनी ती पुसली गेली. खाणाऱ्याने ते लोणचं कधीचं समजायचं? शाईच्या रिबनवाल्या प्रिंटरने काढलेली तारीख टिकते.

छापायचं काय, तर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नंबर. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे कैरी सगळ्यात जास्त असेल तर कैरी पहिली. 2020 च्या लेबल नियमांपासून ‘बेस्ट बिफोर’ एकटं पुरत नाही, ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ लागतेच. चटणीवर शेंगदाणे आहेत हे वेगळं, ठळक लिहा. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या जिवाशी गाठ असते. आणि ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत हवी. मराठी जोडीला जरूर घाला, पण नुसत्या मराठीवर भागत नाही.

बारकोडची आत्ता घाई नको. ओळखीच्या दुकानात त्यावाचून अडत नाही. 890 ने सुरू होणारा नंबर म्हणजे माल भारतात बनला, असंही नसतं. तो नंबर भारतातल्या नोंदणीतून दिलाय, एवढाच त्याचा अर्थ.

मोठी ऑर्डर देण्याआधी दहाच लेबलं छापून घ्या. कोरड्या बरण्यांवर लावून, मग बरण्या भरून आठवडाभर गॅसजवळ ठेवा, घरच्यांना रोज तेलकट हातांनी उचलू द्या. तोवर प्रूफवरचे, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावरचे, एफएसएसएआयचे ते 14 आकडे तुमच्या नोंदणीच्या कागदाशी एकेक करून ताडून पाहा.