ऑटोमॅटिक डॅटसन 280 झेडला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवता येतो का? काय काय लागतं?

तुमचा प्रश्न असा : न्यू जर्सीत 1977 ची 280 झेड घेतली आहे, इंजिन ठणठणीत, पण गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक. तो काढून पाच गिअरचा मॅन्युअल टाकता येईल का, आणि किती तोडफोड करावी लागेल?

येतो, आणि वेल्डिंगशिवाय येतो. त्या वर्षी हीच गाडी कारखान्यातून पाच गिअरच्या मॅन्युअलसहही मिळत होती, त्यामुळे लागणारा प्रत्येक भाग निसाननेच (डॅटसन हे त्यांचंच नाव) बनवलेला आहे. जुगाड करायची गरज नाही. अडचण वेगळीच असते : लोक गिअरबॉक्स शोधण्यात सगळी शक्ती घालवतात आणि काम अडतं ते एका तळहातावर मावणाऱ्या कॉलरपाशी. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

आधी गिअरबॉक्स कोणता. तुमच्या गाडीत आता 3एन71बी हा ऑटोमॅटिक बॉक्स आहे. त्याच्या जागी पाच गिअरचा मॅन्युअल एफएस5डब्ल्यू71बी हवा. तो 1977-78 च्या 280 झेडमध्ये आणि नंतर 280 झेडएक्समध्ये आला. 1977-78 च्या बॉक्सच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.321 आणि पाचव्याचं 0.864. 1981 ते 83 च्या साध्या, म्हणजे बिगर-टर्बो झेडएक्सचा पहिला 3.062 आणि पाचवा 0.745. तुमचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरपेटी) 3.545 चा असणार. 195/70-14 टायरवर ताशी 100 किमीला ऑटोमॅटिकच्या टॉप गिअरमध्ये इंजिन साधारण 3,100 फेऱ्यांवर चालतं. जुन्या पाच गिअरच्या बॉक्सवर ते 2,650 च्या आसपास येईल, झेडएक्सच्या बॉक्सवर 2,300 च्या. हायवे जास्त असेल तर झेडएक्सचा घ्या, घाटात आणि वळणांवर मजा हवी असेल तर 77-78 चा. 1982-83 च्या टर्बो झेडएक्सचा बोर्ग-वॉर्नर टी-5 कोणी स्वस्तात देऊ केला तर या कामासाठी घेऊ नका. त्याची गिअरची दांडी वेगळ्या जागी येते आणि क्रॉसमेंबर, शाफ्ट सगळं बदलावं लागतं.

भाग सुटे जमवू नका. भंगारात निघालेली एखादी मॅन्युअल झेड शोधा आणि तिचा पूर्ण संच एकाच माणसाकडून घ्या : गिअरबॉक्स, फ्लायव्हील आणि त्याचे सहा बोल्ट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंगची कॉलर, फोर्क आणि त्याचा पिव्होट, इंजिनमागची पातळ पत्र्याची प्लेट, स्टार्टर, प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि क्रॉसमेंबर, क्लच पेडलसकट पेडल बॉक्स, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब द्रवातून फोर्कपर्यंत नेणारे), त्यांच्यामधली लोखंडी नळी, कन्सोलवरचं झाकण आणि दांडीचं रबर. ऑटोमॅटिकच्या पातळ ड्राइव्ह प्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला वापरू नका. क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि दोन्ही सिलिंडर मात्र नवे घ्या. जुने सिलिंडर बाहेरून कितीही चांगले दिसले तरी आतून गंजलेले असतात.

आता ती कॉलर, म्हणजे रिलीज बेअरिंग धरणारी आणि फोर्कने पुढे ढकलली जाणारी बाही. निसानने या बॉक्सवर वेगवेगळ्या उंचीच्या कॉलर वापरल्या, कारण प्रेशर प्लेटच्या उंचीही वेगवेगळ्या होत्या. दोन सीटच्या गाडीला 225 मिमीचा क्लच, 2+2 ला (मागे दोन छोट्या सीट असलेल्या गाडीला) 240 मिमीचा. गिअरबॉक्स एका गाडीचा, क्लच किट दुसऱ्या गाडीचं असं झालं की जोडी फसते. कॉलर आखूड पडली तर फोर्क फार मागे जातो, स्लेव्हचा पिस्टन चाल संपून बाहेर येऊ पाहतो, पेडल तळाला टेकलं तरी क्लच सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते. मग लोक महिनाभर नळीतली हवा काढत बसतात, जी तिथे नसतेच. उलट कॉलर लांब झाली तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि क्लच स्लिप होऊन जळतो. म्हणून गिअरबॉक्स चढवण्याआधी मोजा. फ्लायव्हीलवर क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट पूर्ण आवळा, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांवर बेअरिंगसकट कॉलर ठेवा, आणि फ्लायव्हीलच्या पृष्ठभागापासून फोर्क जिथे टेकतो त्या कॉलरच्या कानांपर्यंतचं अंतर घ्या. ते सुमारे 92 मिमी यायला हवं. पाच मिनिटांचं माप आहे. ते चुकवलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

दुसरी दडलेली जागा म्हणजे क्रँकचं मागचं टोक. ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टरला मधोमध धरणारा एक तुकडा बसवलेला असतो. तो ओढून काढायचा आणि मॅन्युअलचा पितळी पायलट बुश हलक्या हाताने ठोकून बसवायचा, फ्लँजच्या तोंडापासून 4 मिमी आत. त्याआधी भोकाची खोली इनपुट शाफ्टच्या टोकाशी ताडून पाहा. ऑटोमॅटिकच्या काही क्रँकचं भोक पूर्ण खोल केलेलं नसतं, मग शाफ्टचं टोक आत टेकतं आणि बेलहाउसिंग इंजिनला भिडत नाही. अशा वेळी बोल्ट आवळून बॉक्स ओढून घ्यायचा मोह आवरा. बेलहाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याचा कान मोडतो. शाफ्टचं टोक लेथवर तेवढंच कापून घेणं हा सरळ उपाय.

उतरवण्याचं काम नेहमीचंच. बॅटरी सोडा, गाडी चार स्टँडवर पुरेशी उंच घ्या, गिअरबॉक्सचा पॅन सैल करून तेल काढा (कन्व्हर्टरसकट साडेपाच लिटर असतं, मोठं घमेलं ठेवा), शाफ्ट काढा. पुढून क्रँकच्या पुलीचा 27 मिमीचा बोल्ट फिरवत कन्व्हर्टरचे चार बोल्ट एकेक करून सोडा, म्हणजे कन्व्हर्टर बॉक्सबरोबरच खाली येईल. सम्पखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडी ठोकळा आणि जॅक हवाच, नाहीतर बॉक्स सुटताच इंजिन मागे झुकतं.

फ्लायव्हीलचे बोल्ट 94 ते 108 फूट-पाउंड, तिरक्या क्रमाने. क्लचप्लेट मधोमध आणायला प्लॅस्टिकचा अलाइनमेंट टूल वापरा, अंदाजाने बसवलेल्या प्लेटमध्ये इनपुट शाफ्ट जात नाही. स्प्लाइनला ग्रीस अगदी पुसट, जास्त लावलं तर ते प्लेटवर उडतं. बॉक्समध्ये 2 लिटर गिअर ऑइल, 75डब्ल्यू-90, पण जीएल-4 या प्रतीचंच. अनेक जीएल-5 तेलांतली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

पेडल बॉक्स हे सगळ्यात कंटाळवाणं काम. डॅशखाली उताणं पडून करावं लागतं, म्हणून ड्रायव्हरची सीट आधीच काढा. मास्टर सिलिंडरच्या जागी फायरवॉलवर बहुधा झाकणपट्टी असते, ती काढली की भोक तयार मिळतं. रुंद ब्रेक पेडल जाऊन अरुंद येतं, तेव्हा ब्रेक लाइटच्या स्विचचं अंतरही पुन्हा जुळवा. क्लच पेडलला वर 1 ते 3 मिमी मोकळी चाल ठेवा.

वायरिंगमध्ये दोनच गोष्टी. ऑटोमॅटिकच्या इनहिबिटर स्विचमध्ये (पी किंवा एन सोडून इतरत्र गाडी सुरू होऊ न देणारा) एक जोडी स्टार्टरची असते, दुसरी रिव्हर्स लाइटची. रंगांवर विसंबू नका, जुन्या गाडीत कोणी काय बदललंय सांगता येत नाही. स्विच काढण्याआधीच दांडी पी किंवा एनमध्ये ठेवून मल्टिमीटरने पाहा. जी जोडी तिथे जुळते ती स्टार्टरची, आरमध्ये जुळते ती लाइटची. लाइटची जोडी नव्या बॉक्सच्या रिव्हर्स स्विचला द्या. स्टार्टरची जोडी नुसती एकमेकींना बांधली तरी गाडी सुरू होईल, पण मग ती गिअरमध्येही सुरू होईल आणि समोरच्या भिंतीवर जाईल. मध्ये क्लच पेडलवर एक स्विच घाला. किकडाउनची (पेडल पूर्ण दाबल्यावर ऑटोमॅटिकला खालच्या गिअरवर आणणारी) वायर टेप करून बाजूला बांधा.

मॅनिफोल्डपासून ऑटोमॅटिक बॉक्सच्या मॉड्युलेटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी बंद करायची लोक हमखास विसरतात. ती उघडी राहिली तर एअरफ्लो मीटरला चुकवून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग डगमगतं, आणि दोष इंजेक्शनच्या माथी मारला जातो. रेडिएटरच्या खालच्या टाकीतल्या तेलाच्या दोन नळ्यांना टोप्या लावा, रेडिएटर बदलायची गरज नाही. आयडलिंग आधी डीमध्ये 700 ला लावलेलं असेल, आता न्यूट्रलमध्ये 800 ला आणा.