टी पेशी, उंदीर आणि 'इम्युनिटी पॅकेज'

पावसाळ्यात पुण्यात तापाची साथ आली की माझ्याकडे टी पेशींबद्दल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींबद्दल, त्याच त्या शंका येऊ लागतात. यावेळची निवडक पत्रं.

प्रश्न : टी पेशी विषाणूला ओळखते की बाधित पेशीला? पुस्तकात एक आहे, व्हिडिओत दुसरंच सांगतात. (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, औंध)

उत्तर : बाधित पेशीला. मोकळा फिरणारा विषाणू धरणं हे अँटिबॉडीचं काम. मारक टी पेशीला तो दिसतच नाही. केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, साधारण आठ-दहा अमिनो आम्लांचे, एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून पृष्ठभागावर मांडते. दारातल्या केराच्या टोपलीवरून घरात काय शिजलं ते ओळखावं, तसं. टोपलीत विषाणूचा तुकडा दिसला की टी पेशी त्या पेशीलाच संपवते.

याचा पाया उंदरांवर घातला गेला. १९७३-७४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी एलसीएम या उंदरांच्या विषाणूने बाधित पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरलं. पेशी फुटली की ते बाहेरच्या द्रवात उतरतं, ते मोजायचं. संसर्ग झालेल्या उंदराच्या प्लीहेतल्या टी पेशींनी आपल्याच एमएचसी प्रकारच्या बाधित पेशी फोडल्या. परक्या प्रकारच्या पेशींत तोच विषाणू असूनही त्यांना हात लावला नाही. म्हणजे विषाणूची खूण आणि स्वतःचा एमएचसी, दोन्ही एकत्र दिसावे लागतात. दोघांना १९९६मध्ये नोबेल मिळालं. व्हिडिओ बंद करा आणि पुढची शंका गाइडला विचारा.

प्रश्न : आम्हा दोघा भावांचं एचएलए वेगळं निघालं. एकाची प्रतिकारशक्ती कमी समजायची का? (हडपसर)

उत्तर : नाही. एचएलए म्हणजे माणसाचा एमएचसी. सख्ख्या भावंडांत तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. किडनी देण्याघेण्याचा विचार असेल तर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : ताप उतरल्यावर लॅबच्या ऑफरमधलं 'इम्युनिटी पॅकेज' केलं. सीडी-फोर ४२० आला, खाली लाल अक्षरांत 'कमी'. लॅबवाले सप्लिमेंट घ्या म्हणतात. (कोथरूड)

उत्तर : तपासणारा तोच आणि औषध विकणाराही तोच, इथेच शंका यायला हवी होती. सीडी-फोर म्हणजे एका प्रकारच्या टी पेशींची रक्तातली संख्या. हा आकडा साध्या विषाणूजन्य तापातही खाली येतो, दिवसाच्या वेळेनुसारही हलतो. शिवाय ही नुसती मोजदाद आहे. त्या पेशी काय ओळखतात, हे तीत कळत नाही. सप्लिमेंट घेऊ नका. रिपोर्ट फिजिशियनला दाखवा, ते सांगतील तेव्हा चाचणी पुन्हा करा. एचआयव्हीची तपासणी सुचवली तर लाजू नका. सरकारी केंद्रात ती मोफत आणि गोपनीय असते.

प्रश्न : मुलाला चार दिवस ताप आहे, डेंग्यू पॉझिटिव्ह. टी पेशी वाढाव्यात म्हणून काढा देतोय. अजून काय द्यावं? (सिंहगड रस्ता)

उत्तर : काढा राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. आजच. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हे कुणी सांगितलं? व्हॉट्सअ‍ॅपनेच ना? वर सांगितलेला एलसीएम विषाणू प्रौढ उंदराच्या मेंदूत टोचला तर उंदीर साधारण आठवडाभरात मरतो. हा विषाणू स्वतः पेशींची फारशी नासधूस करत नाही. बाधित पेशी ओळखून मेंदूच्या आवरणावर तुटून पडलेल्या टी पेशीच उंदराचा जीव घेतात. टी पेशी आधीच काढून टाकल्या तर उंदीर जगतो, विषाणू अंगात बाळगून! डेंग्यूतही दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकारचा विषाणू आला तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो, आणि त्यात पहिल्या वेळच्या अँटिबॉडींचाही हात असतो. तेव्हा 'वाढवा, वाढवा' म्हणणाऱ्याला विचारा, काय वाढवू आणि किती?

आणखी एक. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो आणि नेमके तेव्हाच आईबाप निर्धास्त होतात. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल किंवा चिडचिडं होणं, लघवी कमी होणं, यांतलं एकही दिसलं तर रात्र काढू नका, थेट हॉस्पिटल. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.

प्रश्न : तो उंदरांचा विषाणू आपल्याला होतो का? आमच्या माळ्यावर उंदीर आहेत, सून गरोदर आहे. (कसबा पेठ)

उत्तर : होऊ शकतो, घरातल्या साध्या उंदराच्या लघवी-लेंड्यांतून. निरोगी माणसाला बहुधा फारसा त्रास होत नाही, पण गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. सुनेला माळ्याच्या सफाईपासून लांब ठेवा. इतरांनीही कोरडा झाडू मारू नये. जंतुनाशकाने भिजवून, हातमोजे घालून पुसून घ्यावं. सुनेला ताप आला तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.