माणसांनी भरलेल्या घरात थोडा एकांत हवा असेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की "जरा वेळ मला एकटीला बसू द्या" म्हटलं की घरचे "आम्ही तुला नकोसे झालो का?" असं विचारतात. हा प्रश्न मीही वर्षानुवर्षं ऐकलाय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

एकांत हवासा वाटणं म्हणजे माणूसघाणेपणा नव्हे. जे तसं म्हणतात ते चूक आहेत.

आम्ही नऊ जण, तीन खोल्या. परीक्षेच्या दिवसांत मी दुपारी आतल्या खोलीचं दार लावून बसायचे. एके दिवशी काकांनी स्क्रू ड्रायव्हर आणून त्या दाराची कडीच काढून टाकली. "मनात काही नसेल तर दार कशाला लावायचं?" चौकटीला स्क्रूची भोकं तेवढी उरली. मग दार लोटलं तरी कुणीतरी यायचंच. कुणाला कात्री हवी, कुणाला चार्जर, कुणी नुसतंच "काय करतेस?" विचारायला. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायला लागले, तर तिथेही बाहेरून थाप.

आणि हेच काका सकाळी पेपर उघडून बसले की तासभर घर चिडीचूप. लहान पोरं रडायला लागली की काकू त्यांना उचलून मागे न्यायची. काकांच्या कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्याच खिशात. म्हणजे आमच्या घरात एकांत होता, पण मानाप्रमाणे वाटलेला. काकांना न मागता मिळायचा, मला मागून मिळाला नाही, आईने तर कधी मागितलाच नाही. पुढे चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हा त्याच दाराला काकांनी स्वतः नवी कडी बसवली. तेव्हा कुणाच्या मनात काय आहे ते कुणी विचारलं नाही.

अर्विन ऑल्टमन या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलं होतं की आपल्यापर्यंत कुणी, केव्हा आणि किती पोचावं हे आपल्या हातात असणं म्हणजे प्रायव्हसी. खोल्या किती, हा नंतरचा प्रश्न.

म्हणून खोली मागू नका, वेळ मागा. "साडेनऊ ते सव्वादहा मी कुणाशी बोलणार नाही" असं आधी सांगा आणि सव्वादहाला खरंच उठून बाहेर या. न सांगता दार लावलं की घरच्यांना वाटतं, रुसली. हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसलं तरी बरंच भागतं. आणि तेवढाच वेळ आईलाही मिळवून द्या, तिची कामं तेवढ्यापुरती अंगावर घ्या. ती तुमच्या बाजूने बोलली की निम्मं काम होतं.

घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मात्र कडी लावू नका, दार नुसतं लोटून घ्या. आणि दिवसचे दिवस कुणाशीच बोलावंसं वाटत नसेल तर ते वेगळं, डॉक्टरांना दाखवा.

थोरल्यांपैकी कुणी "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणालं तर शांतपणे विचारा, दुपारी तुम्ही आडवे झालात की या घरात मोठ्याने कोण बोलतं?