नेटवर्कवरचं दगड-कागद-कात्री: आधी साधी जाळी घ्या

एकमेकींना चक्राकार हटवणाऱ्या प्रजातींचा हा खेळ संगणकावर चालवून पाहायचा असेल, तर पहिल्याच दिवशी स्केल-फ्री नेटवर्कच्या (मोजक्या घरांना प्रचंड जोडण्या, बाकीच्यांना थोड्याच) वाटेला जाऊ नका. 100×100 ची चौकोनी जाळी घ्या, समोरासमोरच्या कडा जोडा आणि तीन प्रजाती सरमिसळ पेरा: अ हटवते ब ला, ब हटवते क ला, क हटवते अ ला. दर वेळी एकच घर आणि त्याचा एक शेजारी यादृच्छिक निवडा; जिंकणारी प्रजाती हरणारीचं घर घेते. सगळी घरं एकदम बदललीत तर भलतीच नक्षी उमटते आणि ती खरी वाटते. रंगांचे पुंजके एकमेकांचा पाठलाग करू लागले की पुढे जा.

मग थोड्या जोडण्या तोडून लांबच्या घरांशी जोडा. खरी गंमत इथेच आहे. एका प्रमाणापलीकडे अख्ख्या जाळीत प्रजातींच्या संख्या एका तालात वरखाली होतात. झोका फार मोठा झाला की एखादी प्रजाती शून्याला टेकते, आणि ती जिला हटवायची तीच शेवटी बाजी मारते. 2002 च्या ई. कोलाय जिवाणूंच्या प्रयोगात स्थिर बशीत तिन्ही वाण टिकले; ढवळत्या फ्लास्कमध्ये, म्हणजे सगळेच सगळ्यांचे शेजारी झाल्यावर, एकच उरला.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- जाळी लहान ठेवणं. 20×20 वर प्रजाती नुसत्या योगायोगाने संपते आणि खापर नेटवर्कवर फुटतं.
- जोडण्या बदलताना शेजाऱ्यांची संख्याही बदलणं. प्रत्येकाला चारच ठेवा.
- एकाच रनवर निष्कर्ष.

स्थलांतर, म्यूटेशन, पाच प्रजाती सध्या बाजूला ठेवा. अडलात तर स्क्रीनशॉट नको, तिन्ही संख्यांचा काळानुसार आलेख दाखवा.