चाकांचे प्रश्न : २१ नंबरची टीम

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत शार्लटला असतो. दिवाळीला आला तो माझ्यासाठी लाल-पांढरी टोपी घेऊन, वर २१ आकडा. म्हणाला, "काका, नॅसकारमधली ही सगळ्यांत जुनी टीम." मी विचारलं, किती वेळा चॅम्पियन झाली? म्हणतो, एकदाही नाही! मग एवढं कौतुक कशाचं?
– वि. पा., इचलकरंजी

उत्तर : पुतण्या बरोबर सांगतोय. नॅसकार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणारी संघटना. तिथे वुड ब्रदर्स रेसिंग ही टीम १९५० पासून अखंड चालू आहे, आणि तिच्या एकाही चालकाला हंगामाचं विजेतेपद मिळालेलं नाही. पण काका, ते का मिळालं नाही हे कळलं की तुम्ही टोपी जरा जपून ठेवाल.

व्हर्जिनियात ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी स्टुअर्ट नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या ग्लेन वुडचा धंदा लाकडाचा : झाडं तोडायची, सॉ मिल चालवायची. शर्यतीचा नाद लागला तेव्हा लेनर्ड, डेलानो, क्ले आणि रे ली हे भाऊ हाताखाली आले. इंजिन उचलायचा चेन ब्लॉक टांगायला वडिलांच्या आवारातल्या झाडाची फांदी. पहिल्याच शर्यतीत गाडीचा मागचा एक्सल वाकला आणि ती ओढून घरी नेताना वाटेत पेटली. इंजिन तेवढं वाचलं, त्यावर पुढचा संसार उभा राहिला. ग्लेन स्वतः चांगला चालवायचा. नॅसकारच्या वरच्या गटात त्याने चार शर्यती जिंकल्या, चारही विन्स्टन-सेलमच्या पाव मैलाच्या बोमन ग्रे ट्रॅकवर. पुढे स्टिअरिंग दुसऱ्यांच्या हाती देऊन तो मालक झाला आणि लेनर्ड मुख्य मिस्त्री. गाडी पहिल्यापासून फोर्ड घराण्यातलीच, आजही तीच.

आता तुमचा मुद्दा. विजेतेपद गुणांवर ठरतं आणि गुण प्रत्येक शर्यतीला मिळतात. म्हणजे दर आठवड्याला नव्या गावी गाडी ट्रेलरवर घालून हजर व्हायचं. वुड बंधूंनी वर्षानुवर्षं हा उद्योग केलाच नाही. डेटोना, डार्लिंग्टन, शार्लट, टॅलाडेगा असे मोठे, घसघशीत बक्षिसाचे ट्रॅक धरायचे आणि बाकीच्या शर्यती सोडून द्यायच्या. शेवटच्या मोठ्या कुस्तीलाच लांग चढवणारा मल्ल तुमच्याकडच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

१९७३ चा हंगाम बघा. २८ शर्यती होत्या. वुडांच्या गाडीत डेव्हिड पिअर्सन होता. तो १८ शर्यतींत उतरला आणि ११ जिंकला. विजेतेपद कुणाला? बेनी पार्सन्सला. त्याने वर्षभरात एक शर्यत जिंकली होती! पार्सन्सने कुणाचं काही लुबाडलं नाही, नेमाने पळाला, नियमाने जिंकला. पण त्या वर्षीची सर्वांत जोरकस गाडी कोणती म्हणाल, तर मी डोळे झाकून २१ नंबरकडे बोट दाखवीन. १९७२ ते ७९ या काळात पिअर्सनने या गाडीत ४३ शर्यती मारल्या.

त्यातली १९७६ ची डेटोना ५०० मला सगळ्यांत आवडते. शेवटची फेरी, पिअर्सन आणि रिचर्ड पेटी शेजारी शेजारी. चौथ्या वळणातून बाहेर पडताना दोघांची टक्कर झाली, दोघं भिंतीवर गेले. पेटीची गाडी अंतिम रेषेच्या थोडी अलीकडे गवतात थांबली आणि इंजिन बंद पडलं. पिअर्सनची गाडीही गरगरली, पुढून चेपली, पण त्या गडबडीतही त्याने पाय क्लचवर दाबून ठेवला. इंजिन चालू राहिलं. रेडिओवर पेटीची चौकशी करत करत त्याने ती मोडकी गाडी बैलगाडीच्या चालीने रेषेपलीकडे नेली आणि ५०० मैलांची शर्यत जिंकली. क्लासमधली पोरं क्लच कशाला म्हणून विचारायची, तेव्हा मी गिअरबॉक्सचा तक्ता लावण्याआधी हाच किस्सा सांगायचो.

प्रश्न : सर, आम्ही कॉलेजच्या बाहा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायची स्पर्धा) आहोत. पिट स्टॉपची आधुनिक पद्धत वुड बंधूंनी सुरू केली असं वाचलं. नक्की केलं काय त्यांनी?
– टीममधला एक विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : बाळा, शर्यतीच्या मध्येच गाडी पिटमध्ये थांबवून इंधन भरायचं, चाकं बदलायची, हे त्यांच्याआधीही होत होतं. त्यांनी बदलला तो वेळेकडे बघायचा डोळा. ट्रॅकवर एक सेकंद कमवायला इंजिनमधून ताकद काढावी लागते, त्याला पैसा लागतो. उभ्या गाडीचा एक सेकंद फुकट असतो, फक्त तो वाचवायला पाहिजे. ही साधी गोष्ट मनावर घेऊन त्यांनी ठरवलं, कोण कुठून धावणार, जॅक कुणाच्या हातात, नट कोण सोडणार. तो क्रम पुन्हा पुन्हा गिरवला. जॅक डेलानोकडे. लेनर्डने जॅकच सुधारला : वजन कमी, आणि कमी दाबांत गाडी वर. चौदा दाबांऐवजी चार दाब लागले तर किती सेकंद सुटतात, हे तुम्ही स्टॉपवॉच लावून बघा. लेनर्ड लहानपणापासूनच असला उपद्व्यापी. तेराव्या वर्षी त्याने वॉशिंग मशीनचं इंजिन बसवून स्वतःची चिमुकली गाडी केली होती.

यांची कीर्ती पसरली ती इंडियानापोलिसला. १९६५ च्या इंडी ५०० मध्ये जिम क्लार्कच्या लोटसला फोर्डचं इंजिन होतं. फोर्डने वुड बंधूंना पिटमध्ये बोलावलं. या गाड्यांना त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. आदल्या वर्षी तिथे आगीत दोन चालक गेले होते, त्यामुळे दाब देऊन इंधन भरायला बंदी आली. टाकी उंचावर, इंधन आपल्या वजनाने उतरणार, आणि किमान दोन थांबे सक्तीचे. लेनर्डने लक्ष घातलं ते इंधन टाकीतून बाहेर पडतं त्या तोंडाच्या आकारात. तोंड नीट गोलाईचं असेल तर त्याच उंचीवरून, त्याच जाडीच्या नळीतून कितीतरी जास्त इंधन वाहतं. तुमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातला व्हेंचुरी तो हाच. शर्यतीत क्लार्क पिटमध्ये आला आणि निघाला इतक्या झटकन की बघणाऱ्यांना वाटलं, टाकी भरलीच नाही. दोन थांबे मिळून पाऊण मिनिटाच्या आसपास. क्लार्क २०० पैकी १९० फेऱ्या पुढे राहून जिंकला. इंजिन मागे असलेल्या गाडीने इंडी ५०० जिंकायची ती पहिली वेळ.

आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. नॅसकारमध्ये २०२१ पर्यंत चाकाला पाच नट असायचे, आणि ते आधीच चाकाच्या भोकांवर गोंदाने चिकटवलेले असायचे. चाक स्टडवर दाबलं की गन लावायची, बस्स. २०२२ पासून मधोमध एकच मोठा नट आहे, त्यामुळे ती कला गेली.

पण वेगाची किंमतही याच टीमने मोजलीय. एप्रिल १९७९, डार्लिंग्टन. पिअर्सन पिटमध्ये आला. त्याला वाटलं दोनच चाकं बदलायचीत, टीम चारही बदलत होती. डाव्या बाजूचे नट सुटलेले असताना त्याने गाडी काढली. लेनर्ड 'व्हो' (थांब) म्हणून ओरडला, ते पिअर्सनला 'गो' (जा) असं ऐकू आलं. पिटच्या तोंडाशी डावीकडची दोन्ही चाकं निखळून पडली. सात वर्षांची जोडी त्यानंतर फुटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच डार्लिंग्टनला पिअर्सन जखमी डेल अर्नहार्टच्या गाडीत बदली म्हणून बसला आणि जिंकला! तेव्हा, पोरांनो, पिटमधून सुटायची खूण आवाजाची ठेवू नका. हाताची किंवा फलकाची ठेवा, आणि ती देणारा माणूस एकच.

प्रश्न : वुड बंधूंच्या चालकाला जळत्या गाडीतून वाचवणाऱ्या माणसालाच त्यांची गाडी चालवायला मिळाली, हे खरं की रचलेलं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं. फेब्रुवारी १९६३. वुडांचा चालक मार्विन पँच डेटोनाला दुसऱ्याच एका गाडीची, फोर्ड इंजिन घातलेल्या मासेरातीची चाचणी घेत होता. गाडी उलटली आणि पेटली. धावून गेलेल्यांत टायनी लंड होता, चांगला धिप्पाड गडी, डेटोनाला आलेला पण हाताशी गाडी नसलेला. त्यांनी पँचला ओढून काढलं. पँचने हॉस्पिटलच्या खाटेवरून वुड बंधूंना सांगितलं, माझी गाडी लंडला द्या.

पुढचं मात्र भावनेवर झालेलं नाही, बरं का. वुड बंधूंनी इंधनाचा हिशेब असा मांडला की इतरांपेक्षा एक थांबा कमी पडेल, आणि ५०० मैल टायरच्या एकाच संचावर काढले. लंड ती डेटोना ५०० जिंकला. शौर्याबद्दल त्याला कार्नेगी पदकही मिळालं. बारा वर्षांनी टॅलाडेगाच्या शर्यतीतच तो गेला.

प्रश्न : टीम अजून घरचीच आहे का? चालते कशी?
– स. दे., नाशिक

उत्तर : घरचीच. ग्लेन २०१९ मध्ये गेला, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. मुलं एडी आणि लेन, मुलगी किम आणि नातू जॉन कारभार बघतात. मधला काळ वाईट होता. २००८ मध्ये तर २१ नंबर डेटोना ५०० ला पात्रही ठरली नाही. मग पैसे नाहीत म्हणून मोजक्याच शर्यती पळायला लागल्या. एके काळी हौसेने सोडलेल्या शर्यती आता नाइलाजाने सोडत होते. अशात २०११ ची डेटोना ५०० ट्रेव्हर बेनने जिंकून दिली. आदल्याच दिवशी त्याला वीस वर्षं पूर्ण झाली होती आणि नॅसकारच्या वरच्या गटातली त्याची ही दुसरीच शर्यत.

आता तांत्रिक बाजू बरीचशी पेन्स्के या दुसऱ्या मोठ्या टीमच्या साथीवर चालते, आणि वर्कशॉप नॉर्थ कॅरोलिनात आहे. एकट्या घराण्याच्या बळावर आजची गाडी उभी राहत नाही. मला यात काही कमीपणा वाटत नाही. २०१७ मध्ये रायन ब्लेनीने पोकोनोला टीमचा ९९ वा विजय मिळवला आणि मग शंभराव्यासाठी सात वर्षं गेली. तो आणला हॅरिसन बर्टनने, ऑगस्ट २०२४ मध्ये डेटोनाला. पुढच्या वर्षी तुला ठेवणार नाही, असं त्याला आधीच सांगून झालं होतं! टीव्हीवर समालोचन करायला बसला होता त्याचा बाप, जेफ बर्टन. बर्टनची जागा जॉश बेरीने घेतली आणि मार्च २०२५ मध्ये लास व्हेगासला १०१ वा विजय नोंदवला. जुन्या गाड्या बघायच्या असतील तर संग्रहालय अजून स्टुअर्टलाच आहे.