आम्ही सगळ्यांना हर्निया सांगितलं होतं

नागपूर, 20 एप्रिल

प्रिय बेटा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला. मी सकाळी वाचला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. धंतोलीतल्या हॉस्पिटलमधून घरी येऊन तुला पाच दिवस झाले, आई तासातासाला येऊन बघते, आणि मामाने दारातूनच विचारलं, ‘काहून केलं बे हे? चांगला तर होता.’ शेवटी तू मला विचारलंस, मॅडम, माझी चूक झाली का?

नाही झाली. 26व्या वर्षी इन्सुलिन, रात्री श्वासासाठी तोंडावर मशीन, दोन जिने चढले की भिंतीला टेकायचं. तू चांगला नव्हतास, आणि ते मामाला दिसत नव्हतं इतकंच. वजन उतरवायचा पोटाचा बायपास करून घेतलास तो जगायसाठी. त्यानंतर सहाव्या महिन्यात स्वादुपिंडाला सूज आली, तीही का आली ते नीट समजून घे, म्हणजे रात्री जागून स्वतःला दोष देत बसणार नाहीस.

वजन भराभर उतरतं तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. तू खातोस कमी, त्यात तूप-तेल जवळजवळ नाही, म्हणून पित्ताशय पूर्वीसारखं आवळून रिकामं होत नाही. पित्त साचतं आणि खडे होतात. पहिल्या वर्षात हे बऱ्याच जणांना होतं. म्हणूनच पित्ताशय जागेवर असलं तर बरेच डॉक्टर अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी सहा महिने देतात. तू ती दोन महिन्यांत थांबवलीस, कारण तुला वाटलं ती ॲसिडिटीची आहे. कोणी बसून समजावलं नाही तर असंच वाटणार. गोळीने धोका कमी होतो, पण ती घेऊनही काहींना खडे होतातच. त्यातलाच एक बारका खडा पित्ताच्या नळीत उतरला आणि स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला. मोठ्या खड्यापेक्षा असले बारकेच जास्त त्रास देतात.

आता माझं ऐक. हे मी शाळेत कधीच कोणाला सांगितलं नाही.

माझं बायपास 2016 साली झालं. सासरी काय सांगायचं म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, हर्नियाचं ऑपरेशन सांगू. जावेला, शेजारी, शाळेत, सगळीकडे हर्निया. पुढच्या मे महिन्यात, पारा 45च्या वर असताना, मला उलट्या सुरू झाल्या. ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस झाला, पन्हं झालं. नऊ दिवस पोटात काही टिकत नव्हतं. नवव्या रात्री छातीच्या खाली असं दुखायला लागलं की कोणी आतून मूठ घालून पाठीपर्यंत पिळतंय. वाकून बसलं तर जरा बरं वाटायचं. घरात दुखण्याची गोळी होती ती मी घेतली, बायपासनंतर ती गोळी घ्यायची नसते हे ठाऊक असून.

कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या डॉक्टर मुलाने विचारलं, आधी काही ऑपरेशन? मोठे दीर शेजारी उभे होते. ह्यांच्या तोंडून निघालं, ‘हर्नियाचं.’ मी शुद्धीवर होते, बेटा. मी ऐकलं आणि गप्प राहिले.

त्या मुलाने त्याला जे सांगितलं त्यावरून योग्यच केलं. ग्लुकोजचं सलाईन लावलं. पण नऊ दिवस उलट्या झालेल्या बायपासच्या पेशंटला आधी व्हिटॅमिन बी-वन द्यायचं असतं, म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, आणि तो संपत आलेला असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पहाटे मला नर्स दोन दिसायला लागल्या. बाथरूमला जाताना तोल जाऊन पडले. सकाळी सीटी स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, ह्या बाईंचं पोट असं कसं, बायपास झालंय का? तेव्हा ह्यांनी दिरांसमोर खरं सांगितलं. बी-वनची इंजेक्शनं लगेच सुरू झाली आणि डोळे तीन दिवसांत सरळ झाले. अंधारात जिना उतरताना मी आजही कठडा सोडत नाही, ते त्या रात्रीपासून.

हे सगळं तुला एवढ्यासाठी लिहिलं की तूही ऑफिसात ‘अपेंडिक्स’ सांगून ठेवलंयस. नातेवाइकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या पोटाला जो डॉक्टर हात लावेल त्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं की बायपास झालंय. आणि तू बोलायच्या स्थितीत नसलास तर तुझ्यासोबत असणाऱ्याला ते सांगता आलं पाहिजे. म्हणून एक कागद कर. बायपास झालंय, कुठल्या तारखेला, कोणत्या प्रकारचा, सर्जनचा नंबर. जठराची पिशवी छोटी आहे आणि ग्रहणीतून, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, अन्न जात नाही, त्यामुळे नळीतला खडा काढायला तोंडातून नेहमीची दुर्बीण पोचत नाही, वेगळी तयारी लागते. नाकातून नळी अंदाजाने घालू नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ह्या दुखण्याच्या गोळ्या नकोत. उलट्या झाल्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन. एवढं मोठ्या अक्षरात लिही, मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेव, आणि एक प्रत आईच्या पर्समध्ये.

आणखी एक, जे बऱ्याचदा सुटतं. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एन्झाइम, नेहमीच्या तिपटीच्या वर गेलं आणि तसंच दुखत असलं की स्वादुपिंडाची सूज म्हणतात, ते बरोबरच आहे. पण बायपासवाल्याच्या आत आतडं अडकलं किंवा पिळलं गेलं तरी लायपेज वाढू शकतं, आणि ते तासांच्या हिशोबात बघावं लागतं. म्हणून पुढे कधी दुखलं, अगदी जेवणानंतर येऊन जाणारं दुखणं असलं तरी, ‘मागच्यासारखंच आहे’ म्हणून घरी पडून राहायचं नाही. तुझ्या सर्जनला फोन लागलाच पाहिजे.

जेवणाचं तू खूप विचारलंस, पण ते त्यामानाने सोपं आहे. मुगाचं पातळ वरण, ताक, अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेल्या दुधाचं पनीर, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. गोळाभातावरचं कडकडीत तेल, तर्री, सावजी सध्या विसर. संत्रा बर्फीने घाम फुटून चक्कर आली ती साखर भसकन आतड्यात उतरल्यामुळे, त्याचा स्वादुपिंडाशी संबंध नाही. पाणी घोटघोट, पण दिवसभर, कारण ह्या उन्हात तहान लागेपर्यंत थांबलं तर तुझ्या एवढ्याशा पिशवीला ती तूट भरून काढता येत नाही. शौच तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होऊ लागलं तर लाजू नकोस, सांग. अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, त्या जेवणाच्या पहिल्या घासासोबत घ्यायच्या, चावायच्या नाहीत. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. तुमच्या घरी हा प्रश्न येईल, म्हणून आधीच आईशी बोलून ठेव. आमच्या घरी मी औषध म्हणून घेतल्या.

दारू आणि सिगारेट. फुटाळा तलावावर मित्रांबरोबर बसतोस ते मला माहीत आहे. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते, आणि सुजून गेलेल्या स्वादुपिंडाला दोन्ही चालत नाहीत. तंबाखूचा खर्राही सोड. इथे मी तुझं काही ऐकणार नाही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर पत्र लिहायला बसले ते. डॉक्टरांनी पित्ताशय काढायची तारीख पुढच्या आठवड्याची दिली आहे आणि तू म्हणतोस, ताईचं लग्न 18 मेला आहे, ते उरकून घेतो. बेटा, खडे अजून आत आहेत. पित्ताशय तसंच ठेवून घरी आलेल्यांपैकी काहींना पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा अटॅक येतो, आणि दुसरा अटॅक पहिल्याएवढाच सौम्य असेल ह्याची हमी कोणी देत नाही. दुर्बिणीतून झालं तर लग्नापर्यंत तू मांडवात उभा राहशील. जड उचलायचं नाही, पंगतीत बसून फक्त वरणभात खायचा, एवढंच. ताईला तू काहीच सांगितलं नाहीस ना? तिला आज सांग. ती तारखेसाठी तुझ्याशी भांडेल असं मला वाटत नाही. आणि भांडली तर तिला माझा नंबर दे, तीही माझ्याच वर्गात होती.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ये, रिक्षाने, गाडी चालवू नकोस. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची फाइल घेऊन ये. कागद आपण इथे बसून लिहू, माझा आहेच नमुन्याला, आठ वर्षांपासून पर्समध्ये आहे, घड्यांवर फाटला म्हणून दोनदा नवा केला. मूग रात्रीच भिजवून ठेवते.

तुझी,
मॅडम