चौदा हजारांची एमजीबी आणि रोजचं ब्रॅकनेल

इंग्लंडमधल्या स्लाऊहून एका वाचकाने लिहिलंय. वय ४१, घरात पत्नी आणि ९ वर्षांची मुलगी. २०१८ ची होंडा जॅझ विकायची, तिचे आठ हजार पौंड येतील. बचतीतले सहा हजार त्यात घालायचे आणि १९७२ ची क्रोम बंपरवाली एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायची. तीही शनिवार-रविवारच्या हौसेपुरती नाही. घरातली एकुलती एक गाडी म्हणून, आठवड्यातून चार दिवस ब्रॅकनेलच्या ऑफिसला. त्यांचा हिशेब असा: रोड टॅक्स शून्य, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) नको, युलेझ (लंडनमध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना पडणारा रोजचा आकार) माफ, आणि किंमत उतरायच्या ऐवजी चढणार. "मग जॅझ ठेवणं हाच तोटा नाही का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचे पहिले तीन मुद्दे नियमाला धरून आहेत. गाडीला चाळीस वर्षं झाली की तिची ऐतिहासिक वर्गात नोंद करता येते आणि टॅक्स शून्य होतो (शून्य असला तरी दरवर्षी भरल्याची नोंद करावीच लागते). मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटीची सक्ती राहत नाही. आता यात वाचतं किती ते पाहू. जॅझचा टॅक्स वर्षाला दोनशेच्या घरात आणि एमओटीची कमाल फी ५४.८५ पौंड, म्हणजे सगळे मिळून अडीचशे. युलेझमध्ये तर काहीच वाचत नाही, कारण २०१८ ची पेट्रोल गाडी आजही त्या नियमात बसते. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जाताना जॅझला १२.५० पौंड पडत नाहीत, एमजीबीलाही पडणार नाहीत. जो आकार तुम्हाला पडतच नव्हता, त्याची माफी तुम्ही जमेच्या बाजूला मांडली आहे.

हे अडीचशे पेट्रोलमध्ये जातात. तुमचं वर्षाचं धावणं सात हजार मैल धरलं, तर एमजीबी गॅलनला पंचवीस मैल देईल आणि जॅझ पन्नासच्या आसपास. त्यातून २०२१ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई-१० आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्बुरेटरला ते मानवत नाही, म्हणून महागडं ई-५ भरावं लागतं. साधं १.३५ आणि ई-५ १.५० पौंड लिटर धरून मी आकडेमोड केली. जॅझचे साडेआठशे, एमजीबीचे एकोणीसशे. म्हणजे अडीचशे वाचवायला वर्षाला हजारभर जास्त.

किमतीबद्दल. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. तिच्या बाजूने बोलणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे: प्रत्येक सुटा भाग मिळतो, अख्खी नवीन बॉडीसुद्धा मिळते. पण किमतीच्या दृष्टीने तीच अडचण आहे. जी वस्तू मुबलक आहे तिचा भाव कशाच्या जोरावर चढणार? लिलावात आकडे फुगतात ते मोजक्याच बनलेल्या गाड्यांचे, किंवा हीटेड गॅरेजमध्ये जपून ठेवलेल्यांचे. तुमची गाडी पावसात भिजून सात हजार मैल पळणार. खासगी मोटारीच्या नफ्यावर इथे कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. त्याची दुसरी बाजू अशी की तोटा झाला तर तोही कुठे वजा करता येत नाही.

स्वस्त क्लासिक विम्याचंही असंच. मान्य किमतीची (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेली) पॉलिसी चांगली असते, पण तिचा हप्ता कमी असतो तो वर्षाला ठरावीक, थोडे मैल धरून. बऱ्याच कंपन्या घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी आहे का, हे विचारतात. ऑफिसला जाणं-येणं वेगळं सांगून घालून घ्यावं लागतं. फॉर्ममध्ये "फक्त हौसेसाठी" लिहून ब्रॅकनेलच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करू नका. दावा करायची वेळ आली की तेच पहिलं तपासतील.

थोडं घरचं सांगतो. लहानपणी आमच्याकडे जुनी फियाट होती. सकाळी चोक ओढून वडील ती सुरू करायचे आणि नाहीच झाली तर दोन गल्ल्या सोडून मिस्त्री होता. तो चहाच्या कपाबरोबर अर्धा तास खटपट करायचा आणि जे घ्यायचा ते आज सांगितलं तर हसाल. "आपल्याकडे नाही का जुन्या गाड्या रोज चालायच्या" असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही आठवण. त्या चालायच्या त्या मिस्त्रीच्या स्वस्त मजुरीवर. इथे सुटा भाग स्वस्त आणि माणसाचा तास महाग. एमजीबीच्या किंगपिनला, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळ्याला, दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यावं लागतं. रविवारच्या गाडीला ते वर्षातून एकदा, तुमच्या गाडीला दोन-तीनदा. हे स्वतः शिकलात तर उत्तम, मजाही येईल. पत्र्याचं काम मात्र स्वतः होत नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, दारांखालच्या सिल्सवरच तिची ताकद उभी आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते नेमकं तिथे जाऊन बसतं. दोन्ही बाजूंच्या सिल्स कापून नव्याने बसवायचं बिल हजारांत जातं आणि गाडी कित्येक आठवडे वर्कशॉपमध्ये अडकते. त्या आठवड्यांत ऑफिसला कशाने जाणार, याची ओळ तुमच्या हिशेबात नाही.

आणि रोडस्टरला दोनच सीट आहेत हो! तिघांच्या घरातली एकुलती एक गाडी म्हणून पत्रात हा उल्लेख कुठे येतो ते मी दोनदा शोधलं.

पण माझी खरी काळजी पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आहे, जिथे तुम्ही जाता जाता सांगितलंत की घराच्या कर्जाचं दीड टक्क्याचं फिक्स मार्चमध्ये संपतंय. दोन लाख चाळीस हजार बाकी, पंचवीस वर्षं शिल्लक. नवा दर साडेचार धरला तर हप्ता ९६० वरून १,३३० च्या पुढे जातो. महिन्याला पावणेचारशे पौंड जास्त, आणि हातात १९ हजारांची बचत. त्यातले सहा गाडीत गेले आणि पहिल्या हिवाळ्यात दोन-तीन हजार सिल्समध्ये गेले, तर उरलेल्या दहा हजारांवर घर किती महिने चालेल? तुमच्याच घरखर्चाच्या आकड्यांनी, जेमतेम तीन.

म्हणून एकुलती एक गाडी म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. एमजीबीला मात्र माझा नकार नाही. हौसेला मोल नसतं हे मलाही पटतं, फक्त त्या हौसेला रोजच्या नोकरीला जुंपू नका. जॅझ राहू द्या. मार्चमध्ये नवा हप्ता ठरू द्या आणि तो सहा महिने भरून पाहा. ऑफिसची पेन्शन तुम्ही ५ टक्क्यांवर ठेवली आहे. ८ केल्यास कंपनीही तेवढी वाढवते असं तुम्हीच लिहिलंय. ते आधी करा, तो तुमचाच पगार आहे. एवढं करूनही महिन्याला अडीचशे बाजूला पडत असतील तर दुसरी गाडी म्हणून एमजीबी जीटी (हिचीच बंद टपाची आवृत्ती) बघा, १९७४ नंतरची रबर बंपरवाली. शौकीन तिला नाकं मुरडतात, म्हणूनच ती क्रोमवाल्या रोडस्टरपेक्षा बरीच स्वस्त मिळते. मागची सीट नावालाच आहे, पण मुलगी अजून दोन-तीन वर्षं तरी तिच्यात मावेल. मर्यादा सात हजारांची ठेवा, आणि आणखी दोन हजार दुरुस्तीसाठी वेगळे, गाडी घ्यायच्या आधीच.

माझदा एमएक्स-५ बद्दलही विचारलं होतंत. रोज पळवायला ती एमजीबीपेक्षा कितीतरी सोयीची, पण सीट दोनच. १९८९ च्या पहिल्या गाड्यांनाही चाळीस वर्षं २०२९ मध्ये होतील. तोवर युलेझची माफी नाही, तेव्हा नंबर टाकून तपासल्याशिवाय घेऊ नका.

आणि कुठलीही एमजीबी बघायला जाल तेव्हा खिशात एक चुंबक ठेवा, पातळ कापडात गुंडाळून. सिल्सवरून फिरवा. जिथे ते चिकटणार नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुटी आहे. नवीन चकचकीत रंग दिलेल्या गाडीवर तर आधी फिरवा.